३७ हजार महिना, पण ‘ही नोकरी नाही’: एमएस्सी फिजिक्स आणि मटेरियल सायन्सवाल्यांसाठी रिसर्चच्या जाहिराती कशा वाचायच्या

परवा दाजींचा फोन आला. मावसबहिणीचा मुलगा लातूरला एमएस्सी फिजिक्स झालाय, त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुण्यातल्या एका लॅबची जाहिरात पाठवलेली. दाजी म्हणाले, अरे तू त्या लाइनमधला ना, जरा सांग, इथं वर लिहिलंय महिना ३७ हजार आणि खाली लिहिलंय की याला नोकरी समजू नये, पद तात्पुरतं, नंतर कायम करायची जबाबदारी आमची नाही, मग हे आहे तरी काय, पोरगं नोकरीला लागतंय का अजून शिकायलाच चाललंय?

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी स्वतः या भानगडीतून गेलोय आणि मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मटेरियल सायन्स म्हणजे काय ते, चिक्कीवरून

फिजिक्स सगळ्यांना माहीत असतं, मटेरियल सायन्स म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे केमिस्ट्रीच ना? थोडं केमिस्ट्री, थोडं फिजिक्स, थोडं मेटलर्जी. साखरेचा पाक घ्या. तोच पाक दोरा सोडून निवांत ठेवला तर दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे धरतात, आणि तोच पाक कडक आटवून ताटात पटकन पसरला तर काचेसारखा चकचकीत थर होतो, चिक्कीत असतो तो. साखर तीच, पण एकात रेणू रांगेत शिस्तीत बसलेत, दुसऱ्यात त्यांना बसायला वेळच मिळाला नाही. म्हणून दिसणं वेगळं, तुटणं वेगळं. मटेरियल सायन्सचा सगळा धंदा एवढाच आहे, पदार्थ कसा बनवला त्यावरून आतली रचना ठरते आणि रचनेवरून गुण ठरतात, मग पाहिजे तो गुण यावा म्हणून काय आणि कसं बनवायचं ते शोधायचं.

साखरेच्या जागी सिलिकॉन ठेवा की चिप झाली, लिथियमचं ऑक्साइड ठेवा की बॅटरी झाली. रस्त्यावरचे पांढरे एलईडी दिवे गॅलियम नायट्राइडचा चांगला क्रिस्टल वाढवता आला म्हणून आले, त्या पांढऱ्या दिव्याच्या आत जो निळा एलईडी असतो त्याला २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि लिथियम आयन बॅटरीला २०१९ मध्ये केमिस्ट्रीचं मिळालं, त्यातल्या तिघांपैकी जॉन गुडइनफ यांची पीएचडी फिजिक्सची होती. तेव्हा वय ९७. म्हणजे “मी फिजिक्सचा, मला मटेरियलच्या लॅबमध्ये घेतील का” हा प्रश्न इथंच निकाली निघाला, सरसकट घेतात, उलट भारतातल्या फिजिक्स डिपार्टमेंटांत निम्मी माणसं थिन फिल्म म्हणजे अतिशय पातळ थर, नॅनो, सोलर सेल, सेन्सर असलंच करत असतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं फिजिक्स तर थिन फिल्मसाठीच ओळखलं जातं.

पैसा कुणाचा आणि कधीपर्यंत

हे एकदा कळलं की जाहिरातीतलं ऐंशी टक्के कोडं सुटतं. लॅबमधले सर किंवा मॅडम सरकारकडे एक प्रस्ताव पाठवतात, की मला अमुक विषयावर तीन वर्षं काम करायचंय, एवढे पैसे द्या. देणारे म्हणजे डीएसटी (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग), सीएसआयआर (केंद्राच्या संशोधन लॅबची परिषद), अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस, डीआरडीओ (संरक्षण खात्याची संशोधन संस्था), आणि आता एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, २०२३ च्या कायद्याने आलेलं, संशोधनाला पैसे देणारं जुनं मंडळ एसईआरबी त्यात विलीन झालं. प्रस्ताव मंजूर झाला की पैसे खात्यांत वाटून येतात, मशीनला इतके, केमिकलला इतके, प्रवासाला इतके, आणि माणसाला इतके. लग्नाच्या बजेटसारखं, फक्त इथं वाजंत्रीचे पैसे जेवणावळीत वळवता येत नाहीत. त्या ‘माणसाला इतके’ मधून जी जागा निघते ती तुमची जाहिरात.

म्हणून त्यात लिहिलेलं असतं की पद प्रोजेक्टबरोबर संपेल. लॅब कायमची आहे, सर कायमचे आहेत, मशीन पण राहील, फक्त तुमचा पगार प्रोजेक्टला बांधलेला आहे. आणि गंमत अशी की जाहिरातीत लिहितात ‘३ वर्षांचा प्रोजेक्ट’ पण तो सुरू होऊन वर्ष होऊन गेलेलं असतं, आधीचा मुलगा सोडून गेला म्हणून ही जागा निघालेली असते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा, की सर, प्रोजेक्टचे किती महिने शिल्लक आहेत? लाजायचं नाही. दुसरा प्रश्न, आधीचा का गेला? हा जरा गोड शब्दांत, आणि शक्यतो लॅबमधल्या पोरांना, कँटीनमध्ये.

जेआरएफ हा एकच शब्द आणि त्याचे दोन अर्थ

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. जेआरएफ म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो. पण एक जेआरएफ असतो नेटमधून आलेला. सीएसआयआर-नेट ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या नावाने, फिजिक्सवाल्यांसाठी फिजिकल सायन्सेसचा पेपर, ३ तास, २०० मार्क, चुकलं की मार्क कापतात. त्यात वरचा नंबर आला की फेलोशिप तुमच्या नावावर मिळते, पाच वर्षांपर्यंत, पहिली दोन जेआरएफ आणि मग काम बघून एसआरएफ म्हणजे सीनिअर. ही फेलोशिप घेऊन गाईड आणि मान्यताप्राप्त संस्था तुम्ही निवडता.

दुसरा असतो प्रोजेक्ट जेआरएफ. नाव तेच, पैसे पण बहुतेक तेवढेच, पण फेलोशिप प्रोजेक्टच्या नावावर. पहिला म्हणजे खिशात स्वतःचा एसटीचा पास, कुठल्याही गाडीत बसा. दुसरा म्हणजे वऱ्हाडाच्या गाडीत मिळालेली जागा, गाडी चांगली असेल, सोबत चांगली असेल, पण ती लग्न असेल तिथंच जाणार आणि लग्न उरकलं की उतरायचं.

आता याचा अर्थ दुसरा वाईट असा नाही हं. कित्येक जण प्रोजेक्टवर लागतात, तिथंच पीएचडीला रजिस्टर होतात, प्रोजेक्ट संपता संपता सर दुसरा प्रोजेक्ट आणतात आणि गाडी चालू राहते. पण ते ‘आणतात’ हे सरांच्या हातात पूर्ण नसतं, म्हणून पीएचडी रजिस्ट्रेशन होईल का, कुठल्या विद्यापीठातून, आणि प्रवेश परीक्षा कधी, हे आधी विचारून घ्या. युजीसीच्या नियमात पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं लागतात, प्रत्यक्षात पाच धरा. १९ महिन्यांच्या प्रोजेक्टवर पाच वर्षांचं काम कसं बसणार हे गणित तुम्हीच घालायचं.

तिसरं नाव प्रोजेक्ट असोसिएट. यात नेट किंवा गेट (इंजिनिअरिंग-सायन्सची देशपातळीवरची परीक्षा) नसलेल्यांना पण घेतात, पण दोन दर असतात, नेट-गेटवाल्यांना जास्त, बाकीच्यांना कमी. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, की नेटमध्ये जेआरएफ हुकली आणि फक्त लेक्चरशिपला म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रतेला पास झालात तरी प्रोजेक्टच्या पदांसाठी ते नेटच धरतात. माझ्या एका रूममेटने ते सर्टिफिकेट दोन वर्षं कपाटात ठेवलं होतं, काही उपयोग नाही म्हणून.

हातात किती पडतात

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला ३७,००० आणि एसआरएफला ४२,०००. त्यावर घरभाडं, पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरात सध्या साधारण ३० टक्के, नागपूर-कोल्हापूरसारख्या ठिकाणी २०, लहान गावात १०. होस्टेल मिळालं तर घरभाडं नाही. म्हणजे पुण्यात बाहेर खोली करून राहिलात तर ३७,००० अधिक ११,१००. महागाई भत्ता नाही, आणि दरवर्षीची वाढ पण नाही, वाढ येते ती धक्क्याधक्क्याने, २०१४ ला २५ हजार झाले, २०१९ ला ३१, २०२३ ला ३७. मधल्या काळात पोरं रस्त्यावर उतरून आंदोलनं करतात मग फाइल हलते.

आणि खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा तारीख महत्त्वाची. प्रोजेक्टचा पुढचा हप्ता येण्याआधी मागच्या खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, त्याला युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणतात, लॅबमध्ये नुसतं यूसी. यूसी कुठंतरी टेबलावर अडकलं की पैसे अडकले. मी पहिल्यांदा प्रोजेक्टवर होतो तेव्हा सात महिने काहीच आलं नाही आणि मग एका दिवशी सगळे एकदम आले, तोवर मेसवाल्या मावशींनी वहीत लिहून लिहून जेवू घातलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही पण सगळ्यांना अशा मावशी मिळत नाहीत. तेव्हा रुजू होताना तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, घरी कर्जाचा हप्ता असेल तर हे आधीच घरी बोला.

नेट निघतच नाही, मग?

मग बाकीचे दरवाजे बघा, ते बरेच आहेत. गेटचा फिजिक्सचा पेपर आहे, मटेरियलवाल्यांसाठी गेटच्या इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात मटेरियल सायन्सचा वेगळा विभाग आहे, स्कोअर तीन वर्षं चालतो. जेस्ट नावाची परीक्षा आहे, ती फिजिक्सच्या बऱ्याच मोठ्या संस्थांच्या पीएचडीला चालते. एमएस्सीला विद्यापीठात पहिले आलात तर डीएसटीची इन्स्पायर फेलोशिप आहे, तिला नेट लागत नाही, आणि गावाकडच्या विद्यापीठातले टॉपर हिच्यासाठी अर्जच करत नाहीत हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

नेटच्या नादात तीन-चार वर्षं खोलीत बसून काढू नका एवढंच माझं मत. एखाद्या प्रोजेक्टवर काम करत करत परीक्षा द्या. लोक म्हणतात कामामुळे अभ्यास होत नाही, होत नाही खरंच, पण हातात मशीन आलेलं असतं.

हे मशीन-मशीन काय आहे

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यांच्या रिपोर्टात एक्सआरडी असतं, सेम असतं, रामन असतं. एक्सआरडी म्हणजे नमुन्यावर एक्स-रे टाकून आतले अणू कशा रांगेत बसलेत ते बघणं, सेम म्हणजे इलेक्ट्रॉनचा मायक्रोस्कोप, रामन म्हणजे लेसर टाकून रेणू कसे थरथरतात ते बघणं. पण खरं काय झालेलं असतं? सॅम्पल कुरिअरने पाठवलं, आठवड्याने फाइल आली, ओरिजिन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ काढला, झालं. मग मुलाखतीत समोरचे विचारतात, हा पीक (ग्राफमधलं टोक) इथंच का आला? पीक रुंद आहे याचा अर्थ काय? आणि पोरगं गप्प. ब्रॅगचा नियम, म्हणजे पीकच्या कोनावरून अणूंच्या थरांमधलं अंतर काढायचा, पाठ असतो, पण स्वतःच्या ग्राफवर लावलेला नसतो. मुलाखतीला जाताना जगातलं सगळं वाचू नका, स्वतःचा एमएस्सीचा प्रोजेक्ट एवढाच नीट करा, सॅम्पल किती डिग्रीला भाजलं, तेवढ्यालाच का, कमी ठेवलं असतं तर काय झालं असतं. आणि सीव्हीमध्ये मी मशीन चालवलं आणि मी डेटा वाचला हे वेगवेगळं लिहा, खोटं लगेच पकडलं जातं, समोर बसलेल्याने त्याच मशीनवर आयुष्य काढलेलं असतं.

हात बसवायचा असेल तर आयआयटी मुंबईत आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीत आयएनयूपी नावाचा कार्यक्रम चालतो, बाहेरच्या कॉलेजातल्या लोकांना नॅनो-फॅब्रिकेशनचं प्रशिक्षण आणि क्लीनरूम वापरायला देणारा. क्लीनरूम म्हणजे धुळीचा कण नसलेली खोली, चिप अशाच खोलीत बनते. इंदूरला अणुऊर्जा विभागाच्या आरआरकॅटमध्ये इंडस-२ नावाचा सिंक्रोट्रॉन आहे, अतिप्रखर एक्स-रे देणारं भलंमोठं गोल यंत्र, तिथं विद्यापीठांतल्या लोकांना पण वेळ मिळतो, फक्त अर्ज गाईडच्या मार्फत करायचा.

आपल्याकडे लॅब आहेत तरी कुठं

लोकांना वाटतं यासाठी बंगळुरूलाच जावं लागतं. पुण्यात पाषाणच्या आसपास फेरी मारली तरी केमिस्ट्रीची राष्ट्रीय लॅब एनसीएल, सायन्सची केंद्रीय शिक्षणसंस्था आयसर, सी-मेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या मटेरियलची सरकारी लॅब, डीआरडीओची शस्त्रास्त्रांची एआरडीई, आणि पुढं सुतारवाडीला स्फोटकांची एचईएमआरएल. मुंबईत मूलभूत संशोधनाची टीआयएफआर, अणुसंशोधनाची बीएआरसी, आयआयटी. अंबरनाथला नौदलासाठी मटेरियल बनवणारी एनएमआरएल, नागपूरजवळ वाडीला ॲल्युमिनियमची जेएनएआरडीडीसी, हिचं नाव फिजिक्सवाल्या पोरांना माहीतच नसतं. आणि हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहतंय, गुरुत्वीय लहरी पकडणारं, २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटींना मंजुरी मिळाली, त्याला लेसर, व्हॅक्यूम, आरशांवरचे थर असलं सगळं काम लागणार. मराठवाड्यातल्या पोरांनी याच्या जाहिरातींवर डोळा ठेवायला हरकत नाही.

“हे सगळं ठीक, पण कायमची नोकरी?”

दाजींचा खरा प्रश्न हाच होता. एमएस्सीवर थेट कायमची शास्त्रज्ञाची जागा म्हटलं तर पहिलं नाव बीएआरसी. त्यांचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून आहे, गेट स्कोअरवर किंवा त्यांच्या ऑनलाइन परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात, निवड झाली की एक वर्ष ट्रेनिंग आणि मग सायंटिफिक ऑफिसर. फिजिक्सच्या एमएस्सीला ६० टक्के लागतात. मुलाखत लांबलचक असते आणि बेसिक फिजिक्स पिळून काढतात. डीआरडीओ पण गेटवर सायंटिस्ट-बी घेते, त्यात फिजिक्सच्या जागा निघतात. बीएस्सीवर थांबलेल्यांसाठी बीएआरसीत स्टायपेंडरी ट्रेनी आहे, त्यातून पुढं सायंटिफिक असिस्टंट होता येतं, हे पद दिसायला छोटं वाटतं पण मशीन खरं तेच लोक चालवतात.

बाकी सीएसआयआरच्या लॅबमधला शास्त्रज्ञ, आयसर-आयआयटीतला प्राध्यापक, या जागांना पीएचडी आणि त्यावर पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं अजून तात्पुरतं काम, तेही बरेचदा परदेशातलं. जागा थोड्या आणि लोक भरपूर. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पीएचडीला लागलेल्या दहांपैकी बहुतेक जण प्राध्यापक होत नाहीत, ते बाकीचं काहीतरी करतात, म्हणून ते बाकीचं काय ते पण बघू.

कंपन्या, आणि पेपरातले मोठे आकडे

रोज बातमी येते, सेमीकंडक्टर मिशन ७६ हजार कोटी, क्वांटम मिशन सुमारे ६ हजार कोटी, २०२५ च्या जुलैत आरडीआय म्हणजे संशोधन, विकास आणि इनोव्हेशन योजनेचे १ लाख कोटी. वाचून वाटतं आता घरबसल्या कॉल येणार. पण प्रत्येक आकड्याखाली जागा नसतात. आरडीआयचा पैसा मुख्यतः कंपन्यांना स्वस्त दराचं लांब मुदतीचं कर्ज आणि भांडवल म्हणून जाणार, त्यातून नोकऱ्या आल्या तर फिरून येतील. क्वांटम मिशनमधून मात्र सरळ प्रोजेक्टच्या जागा निघतात, त्याची चार केंद्रं आहेत, त्यातलं सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत आणि मटेरियल-डिव्हाइसचं आयआयटी दिल्लीत.

चिपच्या कारखान्यांचं वेगळं आहे. गुजरातेत धोलेऱ्याला टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसीबरोबर फॅब उभारतंय, साणंदला मायक्रॉन चिपच्या पॅकेजिंग-टेस्टिंगचं काम करतं. फॅबमध्ये दिवसभर चालतं काय, तर थर बसवणं, थर खरवडणं, व्हॅक्यूम, प्लाझ्मा, आणि प्रत्येक पायरीला मोजमाप. हे सगळं थिन फिल्मच्या लॅबमधल्या पोराने लहान प्रमाणात केलेलं असतं, स्पटरिंगचं म्हणजे प्लाझ्माने पातळ थर बसवायचं मशीन बिघडलं की रात्री दोनला पंप उघडून बसलेला असतो, फक्त तो सीव्हीत हे लिहीत नाही, पेपरचं नाव लिहितो. कंपनीला पंपाचं पाहिजे असतं!

बॅटरीतही हालचाल आहे. पुण्याच्या केपीआयटीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सोडियम आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं, त्यात आयसर पुण्याचं संशोधन होतं. म्हणजे विद्यापीठातल्या लॅबमधून रस्त्यापर्यंतची वाट असते. टाटा स्टीलचा संशोधन विभाग तर जमशेदपूरला १९३७ पासून आहे. मात्र अशा ठिकाणी आरअँडडीच्या जागा बहुतेक पीएचडी किंवा एमटेकवाल्यांना, एमएस्सीवर क्वालिटी, टेस्टिंग, प्रोसेस अशा बाजूने शिरकाव होतो.

जर्मनीला पाठवू का?

हा पण हल्ली प्रत्येक घरातला प्रश्न. तिथला मुख्य फरक असा की जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते, करार होतो, सरकारी वेतनश्रेणीत ई-१३ नावाच्या पायरीवर पगार, पण पूर्ण नाही, अर्धा किंवा दोन तृतीयांश वेळेचा, आणि त्यातून कर आणि विमा कापून जातो. युरोपातल्या जागा युरॅक्सेस नावाच्या सरकारी संकेतस्थळावर लागतात, फुकट बघता येतात, एजंट लागत नाही. त्यातल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना एक मजेशीर अट असते, ज्या देशात जायचंय तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी तिकडं मास्टर्सला जाऊन मग त्याच देशात ही जागा धरू म्हणणाऱ्यांचा नेमका इथं पोपट होतो, आपल्याकडून थेट जाणाऱ्याला उलट फायदा. मेल मात्र प्रत्येक प्रोफेसरला वेगळा लिहा, त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून. रिस्पेक्टेड सर म्हणून दोनशे जणांना एकच मेल टाकला तर तो कुणी उघडत नाही.

आणि हो, इथं असो की तिथं, प्रोजेक्टची जागा देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर ती जाहिरात खोटी समजायची. परीक्षेची फी वेगळी, ती असते. व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात त्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे का ते बघितल्याशिवाय तिकीट काढू नका, वॉक-इन मुलाखतीला प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

दाजींना फोनवर यातलं निम्मंच सांगता आलं. पोराने मग त्या जाहिरातीतल्या सरांना मेल टाकला, किती महिने शिल्लक आहेत आणि पीएचडीला रजिस्टर होता येईल का. संध्याकाळी उत्तर आलं, १९ महिने, आणि रजिस्ट्रेशनला हरकत नाही पण प्रवेश परीक्षा स्वतः काढावी लागेल. रविवारी रात्रीच्या गाडीने तो निघतोय, ओरिजिनल मार्कशीट आणि स्वतःच्या एक्सआरडीचा ग्राफ घेऊन. दाजींनी आता मला विचारलंय की पाषाणमध्ये मेस कशी आहे.